गेलेल्या कमाईचा पुरावा

घरातील कर्ता माणूस रस्त्यावरील अपघातात दगावला किंवा जन्माचा अपंग झाला, तर वाहनाच्या मालकाकडून व त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येते, ही गोष्ट आता वऱ्हाडातल्या लहानशा खेड्यातही ठाऊक झाली आहे. परंतु ती भरपाई कोणत्या हिशेबाने ठरते, एकाच फाट्यावर एकाच वयाच्या दोन माणसांचा सारखाच अंत झाला असता एकाच्या घरी वीस लाख आणि दुसऱ्याच्या घरी तीस लाख का येतात, आणि या दहा लाखांच्या अंतरात वकिलाच्या कर्तबगारीचा वाटा किती, याचा उलगडा शिकल्यासवरलेल्यांनाही सहसा झालेला नसतो. वकिलाचे यश त्याच्या वक्तृत्वात असते अशी आपली एक जुनी समजूत आहे, आणि नाटक-सिनेमांनी ती पुष्कळ दृढ केली आहे. अपघाताच्या दाव्यांपुरती तरी ती बाजूला ठेवावी लागते. येथे वकिलाला सिद्ध करावयाची असते ती एका साध्या माणसाची साधी कमाई. आणि ज्या मुलखात बहुतेकांची कमाई कोणत्याच दप्तरात नोंदलेली नसते, तेथे ती सिद्ध करणे हीच या विद्येची खरी कसोटी होय.

वाशिम जिल्हा असाच मुलूख आहे. इंग्रजी अमदानीत वऱ्हाड प्रांतात वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून त्याचा मुलूख शेजारच्या जिल्ह्यांत घातला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा जिल्हा पुन्हा उभा राहिला. सोयाबीन आणि तूर यांवर चालणाऱ्या या जिल्ह्यातून अकोल्याहून हिंगोली-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गेला आहे, आणि कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांच्या शिवारांतून मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला, आणि सपाट भागात ताशी १२० किलोमीटरचा वेग तेथे कायद्यानेच मान्य केलेला आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, १ जुलै २०२३ च्या पहाटे याच मार्गावर खासगी प्रवासी बस पेटून २५ जणांचा कोळसा झाला, हे कोणी विसरलेले नाही. तथापि गाजलेल्या अपघातांपेक्षा न गाजलेल्यांची संख्या नेहमीच मोठी असते. गावाकडे परतणाऱ्या मोटारसायकलीला मागून लागलेला टेम्पो, काळोखात दिव्याविना उभी असलेली ट्रॉली, सोंगणीच्या मजुरांसह पुलावरून उलटलेला ट्रॅक्टर, यांतूनच जिल्हा न्यायालयातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दप्तर भरते.

या न्यायाधिकरणाचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. इंग्लंडात १८४६ पर्यंत असा विलक्षण नियम होता की, माणूस जखमी झाला तर त्याला दावा करता येई. पण तो मेला तर त्याच्या वारसांना करता येत नसे. लॉर्ड कॅम्बेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने ही विसंगती दूर केली, आणि त्याच धर्तीवर १८५५ साली हिंदुस्थानात घातक अपघात अधिनियम आला. परंतु त्याखालील दावा दिवाणी न्यायालयात, मुद्रांक भरून, दिवाणी प्रक्रियेच्या संथ गतीनेच चालवावा लागे. पुढे १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात १९५६ साली दुरुस्ती होऊन अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली, आणि आज चालू असलेला १९८८ चा अधिनियम, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला, त्याच्या कलम १६६ खाली अर्ज आणि कलम १६८ खाली निवाडा अशी रचना आहे. चौकशी संक्षिप्त पद्धतीने व्हावी, असे कलम १६९ सांगते. फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा येथे लागत नाही. घटना तशी घडल्याचा संभव अधिक आहे एवढे दिसले की पुरे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या बिमला देवी प्रकरणात आणि त्यानंतरही अनेकदा स्पष्ट केले आहे.

वकिलाच्या सर्व व्यूहाचा पाया या रचनेत आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील सातव्या दुरुस्तीने तेथील केंद्रीय न्यायालयांत दिवाणी दाव्यालाही ज्यूरीचा हक्क राखून ठेवला आहे. त्यामुळे तिकडचा वादीचा वकील पंचांची निवड, आरंभीचे भाषण, अश्रू आणि संताप यांचे एक शास्त्रच बनवून बसला आहे, आणि मिळालेल्या रकमेतील ठरावीक हिस्सा ही त्याची फी असते. आपल्याकडे समोर ज्यूरी नसते, एकटे न्यायाधीश असतात, आणि त्यांच्यापुढे अशीच प्रकरणे रोज उभी राहतात. शिवाय निकालाशी फी बांधणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा ठरविणे भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी वकिलाला निषिद्ध आहे. ज्या न्यायाधीशांना शेवटी एक त्रैराशिक मांडायचे आहे, त्यांना त्या त्रैराशिकातील प्रत्येक अंक पुराव्यासह हाती देणे, एवढेच वकिलाचे काम उरते. हे काम ऐकायला सोपे वाटते, करायला बसले की अवघड होते.

ते त्रैराशिक असे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा प्रकरणात गुणकांचे कोष्टक घालून दिले, आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मृताची मासिक कमाई घ्यावी. तो स्वतःचा धंदा करणारा किंवा ठरावीक पगारावर असून चाळिशीच्या आतला असेल तर तीत भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के, चाळीस ते पन्नासमध्ये असेल तर २५ टक्के आणि पन्नास ते साठमध्ये असेल तर १० टक्के मिळवावेत. मग त्याचा स्वतःचा खर्च वजा करावा, म्हणजे विवाहित मनुष्यामागे दोन किंवा तीन आश्रित असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, त्याहून अधिक असतील तर एक पंचमांश, आणि अविवाहित असेल तर सामान्यतः निम्मा. आणि उरलेल्या वार्षिक रकमेला वयानुसार गुणकाने गुणावे. पंचवीस वर्षांपर्यंत गुणक १८ असतो, मग दर पाच वर्षांनी एकेकाने उतरत सेहेचाळीस ते पन्नास या वयाला तो १३ वर येतो, आणि तेथून पुढे दोन-दोनने घसरत पासष्टीनंतर ५ राहतो.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. रिसोड तालुक्यातील चौतीस वर्षांचा एक शेतकरी. मागे पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. न्यायाधिकरणाने त्याची कमाई महिना १०,००० रुपये धरली, तर वाढीसह १४,०००, एक चतुर्थांश वजा जाता १०,५००, वर्षाचे १,२६,०००, आणि १६ या गुणकाने २०,१६,००० रुपये होतात. तीच कमाई १५,००० धरली, तर रक्कम ३०,२४,००० वर जाते. महिन्याच्या पाच हजारांच्या पुराव्याने निवाड्यात दहा लाख आठ हजारांचा फरक पडला. यापुढे संपदेची हानी, अंत्यसंस्कार आणि सहवासाची हानी यांपोटी मिळणाऱ्या रकमा ठरावीक असतात. प्रणय सेठी निर्णयाने त्या १५,०००, १५,००० व ४०,००० ठरवून दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढविण्यास सांगितले, आणि २०१८ च्या एका निर्णयाने सहवासाच्या हानीची रक्कम पत्नीप्रमाणेच मुलांना व आईवडिलांनाही देय मानली. त्या मागायला विसरू नये, परंतु त्यांवर वकिलाचे कौशल्य खर्च होत नाही. ते खर्च व्हावे कमाई आणि वय या दोन अंकांवर.

परंतु त्याही आधी दोषाचा प्रश्न येतो, आणि तो पोलिसांच्या कागदांवर उभा असतो. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वाहनाची तपासणी आणि शेवटी दोषारोपपत्र, एवढे कागद बहुतेक प्रकरणांत असतात. प्रश्न असतो तो त्यांत काय लिहिले गेले याचा. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा, काचांचा सडा कोणत्या बाजूला पडला, वाहन कोणत्या दिशेला तोंड करून उभे होते, या गोष्टी आल्या असतील तर दोन वर्षांनी एखादा बनावट प्रत्यक्षदर्शी उभा करून विरुद्ध पक्षाला काही साधत नाही. आणि त्या आल्या नसतील तर आपला खरा साक्षीदारही लटका पडतो. मृगात जे पेरले नाही ते दसऱ्याला कापता येत नाही. म्हणून जाणता वकील अर्ज लिहिण्यापूर्वी घटनास्थळ स्वतः पाहून येतो, आणि महामार्गावरील किंवा पेट्रोल पंपावरील कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्याच्या आत जतन व्हावे म्हणून पोलिसांकडे लेखी अर्ज देतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. ते नसेल तर चित्रण हाती असूनही पुराव्यात येणे कठीण.

वेळेचे महत्त्व मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने आणखी वाढविले आहे. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली, आणि तिच्यामुळे अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची मुदत परत आली. या मुदतीच्या वैधतेलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेलेले आहे. परंतु आपल्या पक्षकाराचे भवितव्य दुसऱ्याच्या याचिकेवर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. तेराव्यानंतर वर्षश्राद्धापर्यंत घरात असल्या गोष्टी काढू नयेत अशी जी एक भावना खेड्यात असते, तिच्यापायी पुष्कळदा हे महिने निघून जातात. अर्ज कोठे करावा हेही ठरवावे लागते: अपघात जेथे झाला, अर्जदार जेथे राहतो किंवा सामनेवाला जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणी तो करता येतो. मानोऱ्याचा मजूर पुण्याजवळ दगावला तरी त्याच्या विधवेला पुण्याच्या तारखा कराव्या लागत नाहीत. तिला वाशिम जिल्ह्यातच दाद मागता येते.

सामनेवाले कोणाला करावे, हा व्यूहाचा पुढचा भाग. चालक, मालक आणि विमा कंपनी हे तिघे तर असतातच. पण दोन वाहनांची टक्कर असेल आणि आपला माणूस त्यांपैकी एकातील प्रवासी असेल, तर दोन्ही वाहनांच्या मालकांना व कंपन्यांना जोडावे. दोघांच्या संयुक्त हयगयीने इजा झालेल्या तिऱ्हाइताला संपूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. एस.टी.च्या बसच्या बाबतीत महामंडळच मालक या नात्याने जबाबदार धरले जाते. आणि पळून गेलेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर इजेबद्दल पन्नास हजार एवढी मदत वेगळ्या योजनेतून मिळते; तिच्यासाठी अर्ज न्यायाधिकरणाकडे जात नाही, महसुली अधिकाऱ्यांकडे जातो.

विमा कंपनीची खरी लढाई पॉलिसीच्या अटींवर असते, आणि शेतीप्रधान जिल्ह्यात तिचे रणक्षेत्र म्हणजे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवर चालकावाचून दुसऱ्याला बसण्याची जागा नसते, ट्रॉलीचा विमा पुष्कळदा उतरविलेलाच नसतो, आणि मालवाहू वाहनातील फुकट्या प्रवाशाची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ च्या अखेरीस ठरविले. म्हणून वऱ्हाडाचा टेम्पो उलटला किंवा मजुरांची ट्रॉली पालथी झाली, की कंपनी प्रथम याच मुद्द्यावर हात झटकते. परंतु १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणाऱ्या मालाच्या मालकाला विम्याचे संरक्षण दिले आहे. कारंज्याच्या बाजारात सोयाबीनची पोती घेऊन निघालेला शेतकरी आणि त्याच टेम्पोत लिफ्ट मागून बसलेला त्याचा शेजारी, या दोघांची कायद्यातील स्थिती त्यामुळे सर्वस्वी भिन्न होते. तो शेतकरी मालासोबत होता हे दाखविणारी बाजार समितीची काटापट्टी, किंवा पंचनाम्यात रस्त्यावर सांडलेल्या धान्याची एक ओळ, हीच अशा वेळी लाखमोलाची ठरते. चालकाचा परवाना बनावट निघाला किंवा संपलेला असला, तरी अर्जदाराने हताश होऊ नये. २००४ च्या स्वर्ण सिंग निर्णयाप्रमाणे तिऱ्हाइताला रक्कम कंपनीने आधी द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होऊ शकतो.

आता कमाईकडे वळू. पगारदाराचे सोपे असते. कार्यालयाचा दाखला आणला आणि आस्थापनेच्या लेखनिकाला साक्षीसाठी बोलाविले की काम झाले. शेतकऱ्याचे तसे नाही. त्याचा वकील सात-बाराचा उतारा हजर करतो आणि पुरावा झाला असे समजतो. पण ही जमीन आजही आहे, ती आजही पिकते, मग नुकसान कशाचे झाले, असा साधा दिसणारा प्रश्न कंपनीचा वकील विधवेला विचारतो आणि तो उतारा अर्जदाराच्याच अंगावर उलटतो. या युक्तिवादाला आधार आहे. हरियाणातील जसबीर कौर प्रकरणात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जमीन वारसांकडे राहतेच, गमावले जाते ते शेतकऱ्याचे श्रम आणि देखरेख. तेव्हा शेतीच्या उत्पन्नाचा पुरावा देऊन थांबू नये. श्रम आणि देखरेखीची किंमत सिद्ध करावी. घरधनी गेल्यावर शेत मक्त्याने किंवा बटईने द्यावे लागले असेल तर तो करार पुढे आणावा. सालदार ठेवावा लागला असेल तर गुढीपाडव्याला ठरलेले त्याचे साल किती, हे त्या सालदाराच्याच तोंडून वदवावे. आणि पतीच्या हयातीतील व नंतरच्या हंगामांच्या हिशेबपट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून उत्पन्न किती घटले ते न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे मांडावे.

शेतकरी केवळ शेतकरी कधीच नसतो, हे खेड्यात वाढलेल्या वकिलाला सांगावे लागत नाही. तो दोन म्हशींचे दूध केंद्रावर घालतो, ट्रॅक्टर भाड्याने चालवितो, उन्हाळ्यात गवंड्याच्या हाताखाली जातो. दूध संकलनाच्या चिठ्ठ्या, बँकेच्या पासबुकातील बारीकसारीक जमा, पीककर्जाची वेळेवर केलेली फेड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, किराणा दुकानातील उधारीची वही, मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या, यांतील एकेक कागद क्षुल्लक असतो. पण सर्व एका निशाणीखाली क्रमाने लावले की एका संसाराचा जमाखर्च उभा राहतो आणि न्यायाधिकरणाला किमान वेतनाच्या दराशी थांबण्याचे कारण उरत नाही. ज्यांच्याकडे कागदाचा तुकडाही नाही, त्यांच्याकडे कायद्याने पाठ फिरविलेली नाही. २०१४ च्या सय्यद सादिक प्रकरणात एका भाजीविक्रेत्याची मासिक कमाई कागदी पुराव्यावाचून ६,५०० रुपये मानण्यात आली, आणि त्याच्याकडून तसा पुरावा मागणेच वास्तवाला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. गृहिणीच्या श्रमाचेही तसेच. लता वाधवा प्रकरणात २००१ साली तिच्या सेवेची किंमत महिना ३,००० धरण्यात आली होती. २०२१ च्या किर्ती प्रकरणाने गृहिणीच्या मानीव उत्पन्नातही भविष्यातील वाढ मिळविली पाहिजे, असे ठरविले. जी बाई घर सांभाळून शेतात निंदणी-खुरपणीलाही जात होती, तिच्या बाबतीत दोन्ही श्रमांची मोजदाद मागणे हा वकिलाचा अधिकार आहे.

वयाच्या पुराव्याकडे होणारे दुर्लक्ष तर अक्षम्यच म्हटले पाहिजे. पस्तिशीपर्यंत गुणक १६ असतो, छत्तिसाव्या वर्षी १५ होतो. पन्नाशीपर्यंत १३ असतो, एक्कावन्नाव्या वर्षी एकदम ११ होतो. आणि चाळिशी ओलांडताच भविष्यातील वाढ ४० टक्क्यांवरून २५ वर येते. शवविच्छेदनाच्या अहवालात डॉक्टरने अंदाजाने लिहिलेले वय, मतदारयादीतील वय आणि आधारकार्डावरील जन्मवर्ष ही तिन्ही पुष्कळदा वेगवेगळी असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका अपघात-प्रकरणात आधारकार्डाऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख ग्राह्य धरली. गावच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा काढून ठेवण्यास एक सकाळ लागते. तो नसला तर लाखभराची रक्कम हातची जाऊ शकते.

जखमी अर्जदाराच्या प्रकरणात वयाइतकाच अपंगत्वाचा टक्का महत्त्वाचा असतो, आणि त्याविषयीची समजूत बहुतेकांच्या मनात अपुरी असते. जिल्हा शल्य चिकित्सकांच्या मंडळाने ४० टक्के लिहिले म्हणजे कमाईचे ४० टक्के गेले, असे होत नाही. २०१० च्या राजकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अवयवाचे अपंगत्व आणि कमावण्याच्या शक्तीची हानी यांत भेद केला: डावा हात तुटलेला चालक किंवा सुतार आपल्या धंद्यापुरता पूर्ण निकामी होतो, तर लेखनिक आपली नोकरी टिकवू शकतो. म्हणून वकिलाने प्रमाणपत्र दाखल करून समाधान मानू नये. डॉक्टरला साक्षीसाठी बोलावून त्याला धंद्याविषयी विचारावे. हा माणूस नांगरामागे चालू शकेल काय, पन्नास किलोचे पोते उचलू शकेल काय, उकिडवा बसून सोयाबीन सोंगू शकेल काय, हे प्रश्न टक्क्यांपेक्षा अधिक बोलके असतात. वाशिमचे रुग्ण अकोल्यास किंवा नागपुरास हलविले जातात, आणि तेथील शल्यविशारद तारखेस येतीलच असा भरवसा नसतो. अशा वेळी आयुक्तामार्फत किंवा दूरदृश्य प्रणालीने साक्ष नोंदविण्याची मागणी करावी. दवाखान्याची बिले, औषधांच्या पावत्या, नेण्या-आणण्याचे भाडे आणि सोबतीला राहिलेल्या भावाची बुडालेली मजुरी, यांची तारीखवार यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पहिली येते ती बहुधा विधवा. तिचा सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो, आणि ते जर वकिलाच्या संस्कृतप्रचुर भाषेत लिहिलेले असेल तर उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला ती गांगरते, कारण त्यातील शब्द तिचे नसतात. प्रतिज्ञापत्र तिच्या बोलीतून समजून घेऊन लिहावे, तिला वाचून दाखवावे, आणि एकच गोष्ट निक्षून सांगावी: जे ठाऊक नाही त्याला नाही म्हणायचे.

“बाई, अपघात झाला तेव्हा तुम्ही तिथं होत्या काय?”

“नाही जी. मी घरी होती.”

या उत्तराने दाव्याचे काहीही बिघडत नाही; दोष सिद्ध करावयास पंचनामा, दोषारोपपत्र आणि शक्य तर एक प्रत्यक्षदर्शी पुरेसा असतो. परंतु आपण पाहिले असे ती भीतीपोटी म्हणाली, तर तिच्या पुढच्या सर्व खऱ्या बोलण्यावरही सावट पडते. कमाईच्या बाबतीत हेच अधिक खरे आहे. महिना बारा हजार मिळविणाऱ्याचे पन्नास हजार सांगितले की, न्यायाधीश पन्नासवर विश्वास ठेवीत नाहीत आणि बाराविषयीही साशंक होतात. अर्जातील आकडा छोटा पडेल या भीतीने तो फुगविण्याचे कारणही नाही. मागितल्यापेक्षा अधिक, परंतु न्याय्य, रक्कम देण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे, हे नागप्पा प्रकरणात २००२ पासून ठरलेले आहे.

विरुद्ध पक्षाच्या चालकाची उलटतपासणी ही अर्जदाराच्या वकिलाला लाभणारी संधी असते, पण ती थोडक्यात उरकावी. पंचनाम्यातील नकाशा हाती देऊन, तुझे वाहन रस्त्याच्या कोणत्या कडेला थांबले, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले की पुढचे प्रश्न त्याला खुलासा करण्याची वाट मोकळी करून देतात. चालक साक्षीस आलाच नाही, तर त्याविषयी प्रतिकूल अनुमान काढावे, असे युक्तिवादात आवर्जून म्हणावे. तो फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला असेल तरीही डगमगू नये. उंचावरून लोंबणाऱ्या विजेच्या तारेला रात्री बस लागून आठजण जागीच ठार झाल्याच्या १९८० च्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असा बचाव अमान्य केला होता, आणि तांत्रिक शंकांच्या आडोशाने दोषी सुटू नये असे न्यायाधिकरणांना बजावले होते. मोटारसायकलीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून मृतालाही दोषात सहभागी धरता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात घडला हे दाखवावे लागते, असे २०२० चा एक निर्णय सांगतो. आयुर्विम्याची रक्कम मिळाली म्हणून भरपाई कापता येत नाही, हा मुद्दाही महाराष्ट्राच्या एस.टी. महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो प्रकरणातच १९९८ साली निकालात निघाला आहे.

अखेरचा युक्तिवाद लेखी द्यावा आणि तो दोन पानांत मावावा. एका पानावर कमाई, वय, आश्रित, अपंगत्व यांतील प्रत्येक अंक व त्यापुढे निशाणीचा क्रमांक, दुसऱ्यावर त्रैराशिक. न्यायाधीशांना निवाडा लिहिताना जे पान उघडून शेजारी ठेवता येते, ते तासभराच्या भाषणापेक्षा अधिक काळ बोलत राहते.

तडजोडीचा विचारही याच पानावर बसून करावा. राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण मिटले तर रक्कम लवकर मिळते. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे तो निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते. तेव्हा कंपनीने देऊ केलेली रक्कम आणि आपल्या पुराव्यावर सिद्ध होऊ शकणारी रक्कम यांत किती अंतर आहे, आणि निकाल, त्यावर नागपूर खंडपीठातील अपील व त्याची प्रतीक्षा यांत घराचे किती हाल होतील, हे दोन्ही आपल्या पक्षकाराला समजावून सांगून निर्णय त्याच्यावर सोपवावा. निवाडा झाल्यावर तीस दिवसांत रक्कम जमा करण्याचे बंधन आहे. ती न आल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करवून घेता येते. मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत मुदतठेवीत राहावी, हा १९९३ पासून रूढ झालेला दंडक अशिक्षित विधवेच्या हिताचाच आहे. पैसा आला हे कळताच दिराला उसनवारीची आणि गावातील सावकाराला जुन्या हिशेबाची आठवण होते, हा अनुभव कोणत्याही तालुक्याला नवा नाही.

असे दावे चालविणाऱ्या वकिलाची पायपीट न्यायाधिकरणात फारच थोडी होते. तलाठ्याचे दप्तर, बाजार समिती, गावची शाळा, पोलीस ठाणे, दवाखाना आणि पक्षकाराचे घर, येथे त्याने किती चकरा मारल्या यावर निवाड्याचा आकडा अवलंबून असतो. आणि ज्याला हे कळले त्याला न्यायासनापुढे आवाज चढवावा लागत नाही. वाचकांनीही यातून आपल्यापुरता एक बोध घेण्यासारखा आहे. अपघाताची चिंता कोणी करीत बसू नये. परंतु दुधाच्या चिठ्ठ्या, काटापट्ट्या, शाळेचा दाखला आणि बँकेची जुनी पासबुके एका पेटीत जपून ठेवावीत, आणि ती पेटी कोठे आहे हे घरातील बाईमाणसाला सांगून ठेवावे. राबणाऱ्या माणसाने आयुष्यात काय कमावले याची नोंद सरकारी दप्तर ठेवीत नाही. ती त्याच्याच घरात असली पाहिजे.